जरा सरकून घ्या

"बाई, उद्या चार वाजता ठाण्यात यायचंय." फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. शेजारच्या वहिनी ओट्यावर होत्या. त्यांनी 'ठाण्यात' एवढंच ऐकलं आणि हातातली शेंग सुपात टाकून विचारलं, "काय झालं हो?" काही झालं नव्हतं. काही होऊ नये म्हणून बोलावणं होतं. गणपती आठवड्यावर आले होते आणि शांतता समितीची बैठक लागली होती.

एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर माझं नाव पोलिसांच्या 'प्रतिष्ठित नागरिक' या यादीत कसं गेलं, मला ठाऊक नाही. बहुतेक कुठल्या तरी हवालदाराला मी चौथीत शिकवलं असणार. रात्री बसून मी भाषण तयार केलं. सर्वधर्मसमभाव, संतांची शिकवण, कुंडलिकेच्या दोन काठांवर वसलेलं आपलं एक शहर, असं सगळं त्यात होतं. कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसले. शिक्षकाची खोड.

प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पांढरं कापड, साहेबांपुढे पाण्याची बाटली आणि आमच्यासाठी कोपऱ्यात जार. मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, दोन-तीन नगरसेवक, व्यापारी आणि माझ्यासारखे शोभेसाठी बोलावलेले चार म्हातारे. साहेबांचं भाषण झालं. "शहराची शांतता अबाधित राहिली पाहिजे," असं म्हणून त्यांनी सूचना मागवल्या आणि पुढचे दोन तास सगळं शहर विजेच्या तारांवर बोललं.

खरंच सांगते. अमुक गल्लीत तार इतकी खाली लोंबते की मूर्तीच्या मुकुटाला लागते. तमुक चौकात खड्डा आहे, ट्रॉलीचं चाक बसतं. मोती तलावाकडे विसर्जनाच्या वाटेवर दिवे नाहीत. मोकाट जनावरं आवरा. धर्म हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. मग एका मशिदीचे विश्वस्त उठले. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला वाटलं, आता निघेल तो विषय. ते म्हणाले, "साहब, वो तार का काम जल्दी कराओ. हमारे जुलूस का झंडा भी उसीच तार को लगता." सगळे हसले. ज्या मंडळाच्या अध्यक्षानं तारेचं गाऱ्हाणं मांडलं होतं तो मागं वळून म्हणाला, "चाचा, मग दोघं मिळूनच अर्ज देऊ की!"

शेवटी ढोलाचा विषय निघालाच. बांगेच्या वेळी मिरवणूक मशिदीसमोर आली तर ढोल किती वेळ थांबवायचे? इकडून पाच मिनिटं, तिकडून दहा. मोंढ्यात सोयाबीनचा भाव फुटावा तशी घासाघीस झाली आणि सातवर सौदा पटला. चहा आला. माझं भाषण पर्समधून बाहेर निघालं नाही. नंतर महिन्याभरानं किराणा आणताना त्याच कागदाच्या मागं मी यादी केली.

आमच्या नवीन जालन्यात येणाऱ्या पाहुण्याला नावामुळे वाटतं की इथं सिडकोसारखे सरळ रस्ते आणि चौकोनी घरं असतील. प्रत्यक्षात काद्राबाद, बडी सडक या भागांतून एक रिक्षा आली की दुसरीला भिंतीला चिकटावं लागतं. नदीपलीकडे जुनं जालना आहे, त्याच्या मानानं आम्ही नवीन, इतकंच. सून चाळिशीची झाली तरी सासू असेपर्यंत 'नवी'च, तसं. इथं मारवाडी दुकानदार, मुसलमान कारागीर, विदर्भातून येऊन राहिलेली कुटुंबं, उत्तरेतून रोलिंग मिलमध्ये कामाला आलेली पोरं, सगळी एका भिंतीआड एक. भाषाही तशीच. भाजीवाल्याशी मी मराठीत बोलते, तो 'हौ' म्हणतो, आणि मेथी नको असेल तर माझ्याही तोंडून 'नक्को' निघतं. 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण पाळणा म्हटला की तो कुरकुरणारच.

वर्गात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द कोणता, याचा हिशेब केला तर तो 'शांतता' निघेल. हाताची घडी, तोंडावर बोट. साठ मुलं एकदम गप्प झाली की मला बरं वाटायचं. बाहेरून मुख्याध्यापक जाताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावं, ही आमची प्रतिष्ठा. विजय तेंडुलकरांच्या नाटकाचं नावच 'शांतता! कोर्ट चालू आहे' असं आहे. १९६७ सालचं नाटक. त्यात त्या शांततेत एका बाईचं काय होतं ते मी वाचलं होतं, तरी वर्गात तो शब्द वापरताना कधी दचकले नाही.

दचकले ती २००४ साली. २७ ऑगस्टला, शुक्रवारी, जालन्यातल्या मशिदीत बॉम्बस्फोट झाला. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेतही झाला. माणसं जखमी झाली, शटर धडाधड खाली आली. शाळा पुन्हा नीट भरली त्या सकाळी मी सहावीच्या वर्गात गेले. निम्मे बाक रिकामे. उरलेली मुलं न सांगता गप्प होती. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

दुसऱ्या बाकावर दोन मुली बसायच्या. एक मुसलमान घरातली, एक हिंदू. बाक तिघींचा, तिसरी मुलगी सारखी आजारी. त्यामुळे या दोघींचं रोजचं भांडण एकच: "बाई, ही सरकत नाही!" वही पसरायला जागा हवी म्हणून कोपरानं कोपर ढकलायच्या. मधे खडूनं रेघ मारलेली, ती रोज कुणीतरी पुसायचं, रोज नव्यानं मारायचं. त्या सकाळी दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मधली जागा मोकळी, चांगली हात-दीड हात. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. खडूची रेघ जशीच्या तशी होती, कारण तिच्या जवळपास कुणी आलंच नव्हतं. मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली आणि बराच वेळ तारीखच लिहीत राहिले.

पुढच्या आठवड्यात कधीतरी, मी कर्तरी-कर्मणी शिकवत असताना, मागून आवाज आला, "बाई, ही सरकत नाही!" मी ओरडायला वळले आणि ओरडले नाही. "दोघी मिळून बघा," एवढंच म्हणाले. वर्गाला वाटलं, बाईंना बरं नाही.

तेव्हापासून वर्तमानपत्रात 'तणावपूर्ण शांतता' असं छापून आलं की मला तो बाक दिसतो. हा शब्दप्रयोग करणाऱ्या बातमीदाराला कुणी पुरस्कार दिला नसेल, पण त्याला भाषा कळत होती. मराठीत शांत या शब्दाचं काही खरं नाही. नवं घर झालं की वास्तुशांत, पत्रिकेत काही निघालं की ग्रहशांत, दिवा विझला की शांत झाला, आणि माणूस गेला तरी शांत झाला. हे गेले त्या रात्री डॉक्टरांनी बाहेर येऊन तोच शब्द वापरला. त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आता तुम्ही निवांत." खरं तर निवांतपणाइतका छळ दुसरा नाही. हे असताना रात्री एमआयडीसीकडून वाऱ्यावर येणारी मिलची घरघर ऐकून करवादायचे. आता तीच ऐकू आली की झोप लागते. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद झाली, तेव्हा मी रात्र-रात्र जागी होते.

त्या मिलबद्दलही सांगायला हवं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात, घरांच्या छतांत जातात. भंगार कुठून कुठून येतं. जगात जिथं काही मोडतं तिथलं लोखंड कधी ना कधी कुठल्या तरी बंदरात उतरतं. सप्टेंबर २००४ च्या अखेरीस गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात न फुटलेले गोळे निघाले, स्फोट झाला, कामगार मेले. दूर कुणाची तरी लढाई संपली होती म्हणे, तिची शांतता जहाजात भरून इकडे आली होती. आमच्या गल्लीतला एक जण भट्टीवर आहे. त्याला मी विचारलं, आत काय काय जातं रे? तो म्हणाला, "बाई, भट्टीला काय कळतं, ट्रॅक्टर हाय का तोफ."

तोफा आमच्या जिल्ह्याला नव्या नाहीत. भोकरदनच्या पुढं असई म्हणून गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. शिंद्यांच्या तोफखान्यानं कंपनीच्या फौजेची दाणादाण उडवली, दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, तरी मैदान वेलस्लीकडे राहिलं. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. मी दोनदा मुलांना घेऊन तिथं गेले. पाहण्यासारखं फारसं काही नाही. मका, कपाशी, पात्रात थोडं पाणी. एका मुलानं विचारलं, "बाई, मग शांतता कधी झाली?" मी पुस्तकातलं सांगितलं: ३० डिसेंबर १८०३, सुर्जी-अंजनगावचा तह.

तह हा आपला जुना शब्द. तिरकं बोलायचं तर तहात जिंकतो तो शांतता घेतो आणि हरतो तो मुलूख देतो. शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब दिला, भडोच दिलं, अहमदनगरचा किल्ला दिला. असल्या कागदांच्या सुरुवातीला कायमच्या मैत्रीची भाषा लिहायची रीत होती. असली कायमची मैत्री फार टिकत नसे. १८१७ ला इंग्रज-मराठ्यांत पुन्हा लढाई उभी राहिली आणि १८१८ ला पेशवाईच गेली. जालन्यात मधल्या काळात इंग्रजी फौजेची छावणी पडली होती. मुलाला एवढं सगळं सांगितलं असतं तर एसटी चुकली असती. तरी आता वाटतं, त्याला एक गोष्ट सांगायला हवी होती. ज्याला सरकायला लावलं तो मनातून सरकलेला नसतो.

कारण सरकणं हाच आमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. राज्यात ठिकठिकाणी मुसलमान समाजानं जुलूस एक दिवस पुढं घेतला आणि सरकारनंही ईदची सुट्टी २९ ला दिली. कॅलेंडर सरकलं. त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही, कारण काही घडलं नाही. न घडलेल्याची बातमी होत नाही. एवढ्या माणसांनी आपला ठरलेला दिवस सोडला, याची किंमत मात्र कुणीतरी मोजली होती. आणि दर वेळी तोच तो का सरकतो, असंही कुणाच्या मनात आलं असेल. आलं असेल तर ते चुकीचं नाही.

त्याच सप्टेंबरच्या १ तारखेला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. दगड आले, लाठ्या चालल्या, आंदोलकही जखमी, पोलिसही जखमी. तीन दिवसांनी गृहमंत्र्यांनी माफी मागितली. उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे यांचं नाव रातोरात महाराष्ट्रभर झालं. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, शेजारच्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. नकाशा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना हे कळणार नाही: महामार्गावरून अंतरवालीला जायचं तर वाट वडीगोद्रीतून जाते. एका उपोषणाला पाठिंबा द्यायला निघालेली माणसं दुसऱ्या उपोषणाच्या मांडवावरून जायची. इकडून घोषणा, तिकडून घोषणा, मधे पोलिसांची दोरी.

दोन्ही मांडवांतल्या माणसांच्या मुलांना मी शिकवलेलं आहे. दोन्हीकडे कोरडवाहू जमीन, दोन्हीकडे नोकरीची वाट पाहणारा पदवीधर मुलगा आणि पावसाकडे डोळे. बाक मुळात तिघांचा आणि बसायचंय पाच जणांना. अशा वेळी 'शांतता राखा' असं सांगणारा माणूस बहुधा स्वतः खिडकीजवळ बसलेला असतो. त्याला सरकायला कुणी सांगत नाही. काठावरचा मात्र निम्मा बाहेर लोंबकळतो, आणि त्यानं कण्हलेलं सुद्धा शांतताभंगात मोजतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, बस जळाली, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. पुण्याहून मुलगा सकाळी रोज 'शुभ सकाळ, मनःशांती लाभो' असं चित्र पाठवतो. कमळ, पाणी, पद्मासनातली कुणी बाई. त्या दिवशी ते आलं नाही. फोन नुसता पडून होता. त्या मुक्या फोनकडे बघताना त्या फॉरवर्डची मला आयुष्यात पहिल्यांदा आठवण आली.

मनःशांतीचं म्हणाल तर आमचा जिल्हा त्यातही मागं नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, १६०८ सालचं. आख्यायिका अशी की बोहल्यावर भटजी 'सावधान' म्हणाले आणि नारायण सावध होऊन पळाला. पुरुषांना हे जमतं, असं आमच्या आत्या म्हणायच्या. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या त्या मुलीचं पुढं काय झालं, हे त्या दर वेळी विचारायच्या आणि कीर्तनकार दर वेळी पुढच्या अभंगाला हात घालायचे.

पळून न जाणाऱ्यांची शांतता पाण्याशी येऊन ठेपते. नवीन जालन्याला निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचं पाणी येतं, तेही विजेवाचून, उतारानं. २०१२-१३ च्या दुष्काळात तो तळाला गेला. आमच्या गल्लीत टँकर कधी रात्री दोनला येई, कधी येतच नसे. रांगेत माणसं नसायची, भांडी असायची: घागर, पत्र्याचा डबा, रंगाची रिकामी बादली, कुणाचा तरी कुकर. प्रत्येकाला आपलं भांडं ओळखू यायचं आणि दुसऱ्याचंही. माझी घागर पुढं सरकवून कुणीतरी ठेवलेली असायची, कारण दिवसभर मी शाळेत असे. भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, एकदा तर बादलीनं डोकं फुटलं. पण कुणी दुसऱ्याचं भांडं रांगेतून काढून फेकलं, असं मी पाहिलं नाही. त्याच उन्हाळ्यात लोकांनी वर्गणी काढून तलावाचा गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरनं नेऊन शेतात पसरला.

नॉर्मन बोरलॉग या गव्हाच्या शास्त्रज्ञाला १९७० साली नोबेल मिळालं ते शांततेचं. त्यानंच पुढं सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार १९९८ साली आमच्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला, बियाण्यांच्या कामासाठी. गहू, बी, पाणी, तारा, सात मिनिटं. शांततेचा हा हिशेब मला पटतो, कारण तो वहीत मांडता येतो.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत लिहिते आहे, म्हणून परवाचंही सांगते. अंबडला मत्स्योदरी देवीला जाऊन परत येत होते. एसटी भरलेली. मला सुरुवातीलाच खिडकीची जागा मिळाली होती. शेजारी एक म्हातारे आणि त्यांच्या पलीकडे काठावर एक पोरगा, निम्मा बाहेर. वाटेत एक बाई चढली. कडेवर मूल, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. ती आमच्या बाकाशी येऊन थांबली. "जरा सरकून घ्या की." पोरगा आणखी बाहेर झाला. म्हाताऱ्यांनी पाय आखडले. माझ्या आणि खिडकीच्या मधे पर्स होती, ती मांडीवर घेतली असती तर वीतभर जागा झाली असती. गुडघे दुखत होते. मी डोळे मिटून घेतले होते, ते तसेच ठेवले.

ती पुन्हा म्हणाली. मुलानं रडायला सुरुवात केली. कोथिंबिरीचा वास येत होता. मग माझ्या खांद्याला कुणाची तरी दोन बोटं लागली, अगदी हळू.

"मावशी, जाग्या आहात ना?"